खुर्ची मागून घ्या

मंडळी, गावोगावची मुलं आज परमुलखात नोकरीला आहेत. ती आईबापांना बोलावून घेतात. म्हणून आम्ही आज विमानतळाविषयी दोन शब्द सांगणार आहोत.

विमानतळावर दारापासून विमानापर्यंत पुष्कळ चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्याला ते झेपत नाही. अशांसाठी तिथे चाकांची खुर्ची असते. ती ढकलायला माणूस असतो. ज्याला चालणं जड जातं, त्याला तिचे पैसे पडत नाहीत. मात्र ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं. तिकीट काढतानाच सांगितलेलं बरं. जिना चढता येतो की नाही, तेही सांगावं. म्हणजे तशी सोय होते.

पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात, "लोक काय म्हणतील? जाईन हळूहळू." तर ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ८० वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह मुंबईच्या विमानतळावर उतरले. दोघांसाठी खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एकच. तीत पत्नी बसली. ते बाजूने चालत निघाले. वाटेत कोसळले, आणि गेले. सरकारी विमान खात्याने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. पण गेलेला माणूस काही परत आला नाही.

म्हणून आम्ही सांगतो, जाताना लवकर पोचा. उतरल्यावर खुर्ची येईपर्यंत बसून राहा. धडधाकट माणसाने मात्र रांग चुकवायला खुर्ची मागू नये. त्याने गरजवंताची खुर्ची अडते. गरजवंताने लाजू नये. ही भीक नव्हे, हा हक्क आहे.