हवेलीच्या वाटेवरील ओक



कामगार चळवळीतला माणूस झाडांवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. वनस्पतिशास्त्र आम्ही शाळेत शिकलेलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर रात्री वाचले. पण झाड जोपासायला श्रम लागतात, आणि श्रम म्हटले की विषय आमचा.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, 'ओक ॲली' नावाचा उसाचा जुना मळा व त्यातली हवेली आहे. नदीकडून हवेलीकडे सुमारे ८०० फुटांची वाट जाते. तिच्या दोन्ही बाजूंना चौदा-चौदा, मिळून २८ ओक उभे आहेत. हा ओक बारमाही हिरवा असतो. त्याच्या फांद्या आडव्या पसरतात, त्यामुळे वाटेवर कमान होते. आपल्याकडील जुन्या रस्त्यांवरचे वड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही शोभा सांगावी लागणार नाही.

पाहणाऱ्यास वाटते, मालकाने हवेली बांधली व झाडे लावली. खरा क्रम उलटा आहे. हवेली १८३७ ते १८३९ मध्ये झाक रोमान या मळेवाल्यासाठी उभी राहिली. ओक त्याच्या कितीतरी आधीचे. तयार सावली पाहून घर बांधले, आणि बांधले ते गुलामांच्या हातांनी. सावलीही आयती, श्रमही आयते!

त्याच मळ्यावर अँट्वान नावाचा एक गुलाम माळी होता. तेथे पेकन नावाचे, अक्रोडाच्या कुळातले झाड होते. कोकणातला माणूस जाणतो, की हापूसची कोय लावली म्हणजे हापूसच येईल असे नाही. त्यासाठी कलम बांधावे लागते. पेकनचेही तसेच. एका उत्तम झाडाचे कलम बांधण्याचा प्रयत्न शेजारच्या एका मळेवाल्याने केला, तो फसला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात अँट्वानने १६ झाडांवर ते यशस्वी केले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात याच फळाचा गौरव झाला आणि त्या जातीस 'सेंटेनियल' हे नाव मिळाले. करणाऱ्याचे नाव तीस मिळाले नाही.

अँट्वानचे नाव कोठे सापडते? मालक वारल्यावर १८४८ मध्ये झालेल्या मालमत्तेच्या यादीत! वय ३८, कलमे बांधण्यात तरबेज, किंमत १००० डॉलर.

ही गुलामगिरी अमेरिकेत १८६५ मध्ये कायद्याने संपली. ती मोडणाऱ्या लोकांनाच महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. दूरच्या मळ्यावरचे दुःख आपले आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आजचा कामगार गुलाम नव्हे. तो काम सोडू शकतो, संघटना करू शकतो. हा फरक झगडून मिळालेला आहे. तरी हजेरीपटावर नावाऐवजी बिल्ल्याचा नंबर आम्हीही पाहिला आहे.

ओक ॲलीत आता गुलामांच्या झोपड्या पुन्हा उभारल्या आहेत व त्यांची नावे लावली आहेत. आपल्या गावातली जुनी झाडे वाचवा, असे आम्हीही म्हणतो. पण झाडाखाली पाटी लावाल, तेव्हा बंगल्याच्या मालकाबरोबर पाणी घालणाऱ्या माळ्याचेही नाव शोधा. त्याला ओळखणारी म्हातारी माणसे अजून आहेत, तोवरच शोधा.