रोहित पक्ष्यांचें जीवन

पावसाळा सरून थंडीचे दिवस आले, म्हणजे ठाण्याच्या खाडीच्या चिखलावर गुलाबी रंगाचा एक लांबलचक पट्टा उमटूं लागतो. शिवडीच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास प्रथम वाटतें, कोणीं तरी धुतलेलीं लुगडीं ओळीनें वाळत घातलीं आहेत. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं तो पट्टा हळूहळू कांठाकडे सरकतो, आणि मग त्यांतून माना, चोंची व काठ्यांसारखे पाय वेगवेगळे दिसूं लागतात. हे रोहित पक्षी. इंग्रजींत त्यांस फ्लेमिंगो म्हणतात, गुजरातेंत व कच्छांत हंज म्हणतात. मराठींत अग्निपंख असेंही एक नांव रूढ आहे. पण तें नांव पक्षी उडाल्यावांचून पटत नाहीं. बसलेला मोठा रोहित फिकट गुलाबी, लांबून जवळजवळ पांढराच दिसतो. त्यानें पंख उघडले मात्र, कीं आंतला शेंदरी लाल रंग आणि कडेचीं काळीभोर पिसें एकदम प्रगट होतात.

आपल्या देशांत ह्या पक्ष्याच्या दोन जाती आढळतात. मोठा रोहित मान उंच करून उभा राहिला तर चार साडेचार फूट भरतो. वजन मात्र दोन ते चार किलोच. त्याची चोंच गुलाबी असून टोंकाशीं काळी असते. लहान रोहित उंचीला त्याहून फूट-दीड फूट कमी. त्याची चोंच काळपट तांबडी, आणि अंगाचा रंग बहुधा अधिक गहिरा. दोघांचेहि पाय इतके लांब कीं मधला सांधा मागें वांकतांना पाहून गुडघा उलटा बसविला आहे कीं काय, अशी शंका यावी. परंतु तो गुडघा नव्हेच, तो घोटा होय. खरा गुडघा वर पोटाजवळ पिसांत दडलेला असतो.

ह्या पक्ष्याचें सर्वांत नवलाचें अंग म्हणजे त्याची चोंच. मधोमध मोडल्यासारखी ती खालीं वांकलेली असते, आणि तिचें प्रयोजन पक्षी खाऊं लागेपर्यंत कळत नाहीं. रोहित मान खालीं सोडून डोकें पायांच्या दिशेनें उलटें पाण्यांत बुडवितो. म्हणजे वरचा जबडा खालीं येतो व खालचा वर. खालचा जबडा पन्हळीसारखा खोल असून त्यांत जाड मांसल जीभ असते. पिचकारीचा दट्ट्या जसा मागें-पुढें होतो, तशी ही जीभ हालून पाणी व चिखल आंत ओढते आणि बाहेर फेकते. लहान रोहिताच्या जिभेची ही ये-जा सेकंदास सुमारे २० वेळां होते. चोंचीच्या कडांना आंतून बारीक केसांसारख्या झालरी असतात. त्यांत अन्न अडकतें, पाणी गळून जातें. मोठ्या रोहिताच्या झालरी विरळ, म्हणून त्याला कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, किड्यांच्या अळ्या व गोगलगाई मिळतात. लहान रोहिताच्या झालरी इतक्या दाट कीं तो डोळ्यांना न दिसणारें नीलहरित शेवाळ गाळून घेतो. एकाच चिखलांत दोन्ही जाती शेजारीं शेजारीं चरतात, आणि एकीचा घांस दुसरीच्या तोंडचा नसतो. ही जीभ मनुष्याच्याहि लोभाला कारण झाली. रोहिताच्या जिभेची चव अप्रतिम असते, असें एपिशियस नांवाच्या खवय्याचें मत रोमन ग्रंथकार प्लिनी ह्यानें नोंदवून ठेवलें आहे. त्या जिभेपायीं किती पक्षी प्राणांस मुकले असतील, ह्याची नोंद मात्र कोणीं ठेवली नाहीं.

रोहिताचा रंगहि त्याचा स्वतःचा नव्हे, तो अन्नाचा. शेवाळांत व तें खाणाऱ्या जीवांत कॅरोटिनॉइड नांवाचीं रंगद्रव्यें असतात. गाजराचा रंग त्यांच्याच कुळांतला. तीं पोटांत जाऊन पिसांत, पायांत व चोंचींत उतरतात. बंदिवासांतल्या पक्ष्याला तसें अन्न मिळालें नाहीं, तर नवीं पिसें फिकीं येऊं लागतात.

एका पायावर तासन् तास उभें राहण्याची ह्या पक्ष्याची रीत सर्वांनीं चित्रांत पाहिलेली असते. त्यामुळें अंगांतली ऊब वांचते, असें एक मत आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं असें दाखविलें कीं रोहिताच्या पायाचे सांधे एका पायावर आपोआप स्थिर होतात; मेलेला पक्षीहि त्या रीतीनें तोलून उभा राहूं शकतो. तेव्हां आपल्याला जी तपश्चर्या वाटते, ती त्याची विश्रांति आहे.

विणीचा काळ जवळ आला, कीं शेंकडों पक्षी एकत्र जमून एकाएकीं एका दिशेला चालूं लागतात, तितक्याच एकाएकीं वळतात, माना ताठ करून डोकीं डाव्या-उजव्या बाजूंस झटकतात, पंख पसरून क्षणभर दाखवितात व मिटतात. कवाईत म्हणावी तर हुकूम देणारा कोणी नाहीं. ह्याच गर्दींत जोड्या जुळतात.

भारतांतील त्यांचें प्रसिद्ध प्रसूतिगृह कच्छच्या मोठ्या रणांत आहे. तेथील लोक त्याला हंजबेट म्हणतात. पावसाचें पाणी रणांत पसरून वीत दोन वीत खोल झालें, म्हणजे हे पक्षी तेथें उतरतात. माणसाला तेथवर जाणें दुर्घट. उंटावर बसून खारट पाण्यांतून मैल न् मैल तुडवावे लागतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे कच्छचे महाराव विजयराजजी ह्यांच्या साह्यानें त्या प्रांतांतील पक्ष्यांची पाहणी करीत होते. १९४५ च्या एप्रिलांत ते ह्या नगरांत पोंचले, तेव्हां त्यांस लाखाहून अधिक नांदतीं घरटीं आढळलीं. पक्ष्यांची संख्या पांच लाखांच्या घरांत असावी, असा त्यांनीं अंदाज केला.

घरटें म्हणजे चिखलाचा बुटका बुरूज. नर व मादी दोघेंहि चोंचीनें चिखल ओढून तो वीत-दीड वीत उंच रचतात. माथ्यावर बशीसारखा खोलगा. त्यांत खडूसारखें पांढरें एकच अंडें. इतके लांब पाय घेऊन पक्षी त्यावर बसतो तरी कसा, ह्याचें कोडें जुन्या प्रवाशांना पडे. सतराव्या शतकांतील इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर ह्यानें तर असें लिहिलें कीं हा पक्षी पाण्यांत उभा राहून घरट्यावर नुसता टेकतो. तें खरें नाहीं. रोहित घोट्यांत पाय दुमडून पोटाखालीं घेतो आणि इतर पक्ष्यांसारखाच अंडें उबवितो. नर-मादी पाळीपाळीनें बसतात. सुमारे एक महिन्यानें पिलूं बाहेर येतें.

हें पिलूं पाहून तें रोहिताचें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. अंगावर करडी लव, पाय जाड व आंखूड, चोंच अगदीं सरळ. त्या चोंचीनें त्याला पाणी गाळतां येत नाहीं. म्हणून आई आणि बाप दोघेंहि आपल्या घशांत पाझरणारा एक तांबडा, सकस रस त्याच्या चोंचींत थेंब थेंब सोडतात. कबुतरांखेरीज पक्षिजातींत अशी सोय विरळाच. त्या रसांत तेंच रंगद्रव्य असतें, आणि पिलाला भरवितां भरवितां आईबापांचीं पिसें फिकीं पडत जातात. आठवड्याभरांत पिलूं घरट्यावरून उतरतें. अशीं शेंकडों, हजारों पिलें एका घोळक्यांत राहतात आणि थोडे प्रौढ पक्षी त्यांवर लक्ष ठेवतात. त्या गलक्यांत आई आपलें पिलूं आवाजावरून ओळखते व दुसऱ्याच्या पिलाला घांस देत नाहीं.

उडण्यास पिलाला दहा-अकरा आठवडे लागतात. संकट येतें तें ह्याच मुदतींत. रणाचें पाणी लवकर आटलें, तर जें बेट कोल्ह्याकुत्र्यांना अगम्य होतें, त्याकडे जाणारी वाट कोरडी होते; पिलांना अन्नहि उरत नाहीं, आणि पंख तर अजून फुटलेले नसतात. उलट अवेळीं पाणी चढलें तर बुरूज बुडतात, अंडीं वाहून जातात. पाऊसच कमी झाला तर पक्षी त्या वर्षीं घरटें बांधीतच नाहींत. जोडप्याला वर्षाला एकच अंडें, पिलाला पक्का रंग यावयास दोन ते चार वर्षें, वीण तर त्याहूनहि उशिरां. अशा जातीला एक फुकट गेलेला हंगाम भरून काढणें सोपें नसतें. दीर्घ आयुष्य हाच तिचा आधार. ऑस्ट्रेलियांतील ॲडिलेडच्या प्राणिसंग्रहालयांतला एक मोठा रोहित २०१४ सालीं निवर्तला, तेव्हां त्याचें वय निदान ८३ वर्षांचें होतें.

ठाण्याच्या खाडींत ह्या पक्ष्यांची गर्दी वाढली ती १९९० नंतरच्या काळांत. शहराचें सांडपाणी खाडींत मिसळून शेवाळ माजलें, हें तिचें एक कारण मानतात. ज्या घाणीनें माशांचा जीव गुदमरतो, तिच्यावर लहान रोहिताची पंगत बसते! २०१५ मध्यें खाडीचा कांहीं भाग अभयारण्य झाला. २०२२ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें येथील सहा रोहितांवर उपग्रहांकडे संदेश धाडणारीं छोटीं यंत्रें बसविलीं, आणि त्यांतल्या कांहींना कच्छच्या रोहितांशीं संबंध आलेल्या जुन्या मंडळींचीं नांवें दिलीं. गुजरातेशीं ह्या थव्यांचें येणें-जाणें त्यामुळें नकाशावर स्पष्ट झालें.

पण भरतीच्या वेळीं चिखल बुडाला म्हणजे ह्या पक्ष्यांना टेकावयास खाडीबाहेरचीं पाणथळ जागा लागते, आणि तशा जागा भराव घालून नाहींशा होत आहेत. जागा गेली कीं थवे आडवाटेनें उडतात. २० मे २०२४ च्या रात्रीं घाटकोपरवरून जाणारा असाच एक थवा उतरणाऱ्या विमानावर आदळला. सुमारे ३९ पक्षी घरांच्या गच्च्यांवर व रस्त्यांवर पडलेले आढळले.

मृगाच्या सरी कोसळण्याच्या सुमारास खाडीवरचा गुलाबी पट्टा विरळ होऊं लागतो. रात्रीं माना पुढें व पाय मागें ताणून, बदकांसारखा कलकलाट करीत थवे निघून जातात. ज्यांच्या पिसांत अजून रंग भरलेला नाहीं असे कांहीं करडे तरुण तेवढे पावसांतहि मागें राहतात.