इतिहासाच्या पदवीचा अभ्यास कसा आखावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने या वर्षी व्याख्यानासाठी आमची निवड केली, हा आमचा गौरव आहे. परंतु विषय पाहता ही निवड थोडी धाडसाचीच म्हटली पाहिजे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकविले. महाविद्यालयाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. असे असता पदवीच्या अभ्यासाविषयी आम्ही बोलावे, हे कोणास विचित्र वाटेल. पण ज्यास वाट चुकल्याचा अनुभव आहे, त्यानेही वाटेविषयी दोन शब्द सांगण्यास हरकत नसावी.

या विषयाला एक निमित्त घडले. आपल्या ज्ञातीतील एका मुलीने बारावीस उत्तम गुण मिळविले आणि इतिहास हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करण्याचे ठरविले. ती समोरच बसली आहे, म्हणून तिचे नाव घेऊन तिला संकोचात पाडीत नाही. तिचा निश्चय कळताच चार घरांत चर्चा झाली. "एवढे गुण मिळवून इतिहास? त्यात काय मिळणार?" असे पुष्कळांनी विचारले. तिचे वडील आमचे जुने विद्यार्थी. "गुरुजी, तुम्हीच तिला समजवा," असे म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे पाठविले.

ती आली ती हातात आपल्याच मंडळाची एक जुनी स्मरणिका घेऊन. त्या अंकात 'आपल्या कासार ज्ञातीचा पूर्वेतिहास' हा आमचा लेख आहे. आपले मूळपुरुष कोठून आले, कोणत्या राजाने त्यांस सन्मानाने वसविले, आपला वंश कोणत्या पुराणपुरुषापर्यंत पोहोचतो, हे सर्व आम्ही त्यात मोठ्या अभिमानाने लिहिले होते. मुलगी नम्रपणे म्हणाली, "गुरुजी, हे आपण कशावरून लिहिलेत?" आम्ही सांगितले, याहून जुन्या एका स्मरणिकेवरून. ती म्हणाली, "ती मी पाहिली. तीतही आधार दिलेला नाही." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

सभ्य गृहस्थहो, आम्ही तिला समजवावयास बसलो होतो. समजूत मात्र आमची निघाली. आणखी एक गोष्ट आज सर्वांसमक्ष सांगितली पाहिजे. १९८६ साली आमचा जुना वाडा उतरविला, तेव्हा माळ्यावर एक पेटारा निघाला. त्यात पणजोबांच्या वेळच्या मोडी वह्या होत्या. तांबे कोणाकडून आणले, कोणत्या गावी किती भांडी धाडली, कोणाचे किती येणे राहिले, असा तो हिशेब असावा. 'असावा' असे म्हणतो, कारण आम्हांस मोडी वाचता येत नव्हती. त्या वह्या आम्ही दोन हिवाळे आंघोळीच्या बंबात जळण म्हणून घातल्या. ज्या तांब्याच्या बंबांवर आपल्या वाडवडिलांनी पोट भरले, त्याच बंबात आम्ही त्यांचा इतिहास जाळला आणि पुढे पूर्वेतिहास लिहावयास बसलो! असो. त्या मुलीशी नंतर जे बोलणे झाले, त्याचे सार आज येथे मांडतो.

प्रथम सध्याची व्यवस्था पालकांनी समजून घ्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचा साचा बदलला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस किमान १६० श्रेयांक सांगितले आहेत. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तासांचे अध्यापन. म्हणजे चार श्रेयांकांची एक अभ्यासपत्रिका ६० तासांची झाली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. मुख्य विषयाबरोबर एक दुय्यम विषय असतो, शिवाय इतर शाखांतील काही विषय आणि कौशल्याचे काही विषय निवडावयाचे असतात. पूर्वी विद्यापीठ ताट वाढून देत असे. आता पुष्कळ पदार्थ आपणच निवडावयाचे आहेत. यासाठीच आखणीचे महत्त्व. जो केवळ सोपे पाहून विषय निवडतो, त्याचे श्रेयांक भरतात, परंतु ताट रिकामे राहते.

आमच्या अल्पमतीप्रमाणे ही आखणी चार खांबांवर उभी करावी.

पहिला खांब भाषा आणि लिपी यांचा. महाराष्ट्राचा इतिहास ज्यास मुळापासून वाचावयाचा आहे, त्यास मोडी आलीच पाहिजे. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. जुने वळण वाचण्यास मात्र महिनोन्‌महिने सराव लागतो. म्हणून ती पहिल्याच वर्षी सुरू करावी, चौथ्या वर्षी नव्हे. प्राचीन काळाकडे ओढा असेल तर संस्कृत आणि ब्राह्मी, शिवकालाकडे असेल तर थोडी फारसी, आणि सर्वांसाठी चांगले इंग्रजी. भाषेबरोबर कालगणनाही शिकावी. शकात ७८ मिळविले म्हणजे साधारणतः इसवी सन येतो, हे आपणांस ठाऊक आहे. पण जुन्या कागदांत 'खमस सबैन मया व अलफ' असा सन दिसला म्हणजे पदवीधरही गोंधळतो. या अरबी शब्दांनी ११७५ ही संख्या होते. तीत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७७४ येते, आणि ते वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होऊन १७७५ मध्ये संपते. एवढे ज्ञान नसेल तर हाती आलेला कागद मुका राहतो.

दुसरा खांब साधनांचा. इतिहास पुस्तकात तयार होत नाही. तो कागद, नाणी, शिलालेख, ताम्रपट आणि जमिनीखालचे अवशेष यांतून शोधावा लागतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या दप्तरांतील कागद त्यांनी वाचले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध केली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले ते याच तळमळीतून. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादिले. विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात निदान एकदा अशा एखाद्या संस्थेत, पुराभिलेखागारात किंवा संग्रहालयात जावे. आपल्या धंद्याशी निगडित एक गोष्ट सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झुडपाच्या मुळाशी खणताना ओतीव धातूच्या चार भव्य आकृती सापडल्या. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या आहेत. त्या घडविणाऱ्यांची नावे कोणासही ठाऊक नाहीत. ते आमचेच पूर्वज होते, असे म्हणावयाचा मोह आम्हांस झाला. पण आता आम्ही तसे म्हणत नाही.

तिसरा खांब विस्ताराचा. आपल्याकडे इतिहास म्हणजे शिवकाल आणि पेशवाई, असा एक समज आहे. त्या काळाचा अभिमान कोणास नाही? परंतु तीन वर्षे तेच वाचणारा विद्यार्थी तुलनेस मुकतो. त्याने एक काळ खोल अभ्यासावा, एक काळ त्याहून फार जुना घ्यावा आणि एक देश परका घ्यावा. १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती किंवा १८६८ नंतरचा जपान यांचा अभ्यास केला म्हणजे आपल्या एकोणिसाव्या शतकाकडे नव्या दृष्टीने पाहता येते. दुय्यम विषय निवडताना अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र किंवा एखादी भाषा यांपैकी एक घ्यावा. आमचे मत विचाराल तर अर्थशास्त्र घ्यावे, कारण धान्याचा भाव, व्याजाचा दर आणि सारा यांवाचून राजांच्या कथा अधांतरी राहतात.

चौथा खांब चिकित्सेचा, आणि तोच सर्वांत अवघड. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच उदाहरण घ्या. पुष्कळ काळ १६२७ हे जन्मवर्ष मानले जात होते. पुढे जेधे शकावली उजेडात आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी आढळली, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. अन्य पुराव्यांशी ती तिथी ताडून पाहण्यात आली आणि अखेर महाराष्ट्र शासनानेही तीच स्वीकारली. यात महाराजांची थोरवी तिळमात्र कमी झाली काय? मुळीच नाही. खऱ्या थोरवीला पुराव्याचे भय नसते. विद्यार्थ्याने ग्रँट डफचा १८२६ चा ग्रंथ आणि न्यायमूर्ती रानड्यांचा १९०० चा ग्रंथ शेजारी ठेवून वाचावा. एकाच मराठी सत्तेच्या उदयाची कारणे दोघे किती भिन्न सांगतात, हे पाहावे आणि असे का, हा प्रश्न विचारावा. त्यानंतर ई. एच. कार यांचे १९६१ चे इतिहासलेखनशास्त्रावरील छोटे पुस्तक आणि दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा १९५६ चा ग्रंथ हाती घ्यावा. प्रत्येक मत मान्य करावे असे नव्हे. ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे तपासावयास शिकावे.

आता वर्षवार विभागणी. पहिल्या वर्षी मोडीचा ओनामा, इंग्रजी वाचनाची सवय आणि भारताच्या इतिहासाची समग्र रूपरेषा. दुसऱ्या वर्षी दुय्यम विषय पक्का करावा, परदेशाचा इतिहास घ्यावा आणि प्रत्यक्ष स्थळदर्शन करावे. तिसऱ्या वर्षी इतिहासलेखनशास्त्र आणि एक छोटा प्रकल्प. चौथे वर्ष घ्यावयाचे तर एकच प्रश्न आणि त्याची मूळ साधने. चारही वर्षे एक नियम पाळावा : जे वाचले त्याचे टिपण काढावे आणि टिपणावर ग्रंथाचे नाव व पृष्ठांक लिहावा. आम्ही हा नियम पाळला असता तर त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता आले असते.

प्रकल्पासाठी फार दूर जावयास नको. आपल्या घरांतील तांब्यापितळेची जुनी भांडी खाली काढा. घागरीच्या काठावर, ताम्हनाच्या कडेला नावे घातलेली आढळतील. कोणी दिले, कोणास दिले, कोणत्या गावचे, कधी कधी सालही. पन्नास घरांतील अशी नावे टिपून घेतली तर कोणत्या गावांशी सोयरिकी होत्या, आंदणात काय देत, हे सिद्ध करता येईल. स्टेनलेस स्टील आल्यानंतर आपला धंदा कसा बसला आणि कोण कोठे गेले, हे सांगणारी वृद्ध माणसे आज हयात आहेत. ती गेल्यावर विचारणार कोणास? पुराणपुरुषापेक्षा हा इतिहास आम्हांस अधिक मोलाचा वाटू लागला आहे.

पोटापाण्याचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. इतिहासाच्या पदवीने लगेच मोठा पगार मिळतो, असे सांगणे म्हणजे फसवणूक होईल. महाविद्यालयांत जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. तथापि बी. एड. करून शाळेत जाता येते. स्पर्धा परीक्षा, कायदा, पत्रकारिता, पुराभिलेखागार, संग्रहालय, पर्यटन हे मार्गही आहेत. चार वर्षांच्या पदवीनंतर एम. ए. एका वर्षात होण्याची तरतूद आहे. मात्र दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पुढील मार्गाचा विचार झालाच पाहिजे, आणि तो घरच्यांशी मोकळेपणाने बोलून व्हावा. पालकांस विनंती इतकीच की, मुलाचा कल असता केवळ लोकलाजेस्तव त्यास दुसरीकडे ढकलू नये. नावडत्या शाखेत रडतखडत मिळविलेली पदवीही नोकरीची हमी देत नाही.

शेवटी मंडळास दोन विनंत्या आहेत. ज्ञातिबांधवांच्या घरी जे मोडी कागद उरले असतील, त्यांची छायाचित्रे घेऊन मंडळाने जतन करावीत. मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहोत. ज्याच्या माळ्यावर पेटारा असेल त्याने तो उघडण्यापूर्वी जळणाचा विचार करू नये, आमची आठवण करावी. दुसरी विनंती अशी की, आमच्या त्या लेखाचे जे खंडन पुढेमागे होईल, ते मंडळाने याच स्मरणिकेत, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. ज्या गोष्टींस आधार नाही त्या आम्ही स्वतः आजच मागे घेत आहोत.

त्या मुलीने मोडीचा अभ्यास सुरू केला आहे. आणि सभ्य गृहस्थहो, या वयात आम्हीही तिच्याबरोबर पाटी घेऊन बसलो आहोत. दर रविवारी ती आमच्या चुका काढते. चाळीस वर्षांपूर्वी त्या वह्यांतील एक ओळ जरी वाचता आली असती, तर पेटारा जळणात गेला नसता, ही खंत आता मिटावयाची नाही. पण तुमच्या घरचा पेटारा अजून शाबूत असेल, तर तो वाचणारे कोणी तरी या ज्ञातीत तयार होत आहे, एवढे आश्वासन देऊन आम्ही आपली रजा घेतो.