घोडा घेताना पाय पाहा



दत्तजयंती आली की तापीकाठच्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, लांबलांबून जनावरं येतात. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, भोवरे तपासतं, कानांची टोकं जुळतात का ते पाहतं. घोडा पंचकल्याणी निघाला की भाव चढतो. पण पशुवैद्य म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की घोडा भोवऱ्यानं लंगडत नाही, पायाच्या ठेवणीनं लंगडतो. म्हणून पाहणी खालून वर करा.

घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाडं, सांधे आणि मागून उतरणाऱ्या शिरा, एवढ्यावरच सगळा डोलारा. पाय सरळ असेल तर भार सांध्यावर सारखा पडतो. वाकडा असेल तर प्रत्येक पावलाला एकाच बाजूवर जास्त पडतो आणि ती बाजू आधी झिजते.

गवतात किंवा भुसभुशीत मातीत उभ्या घोड्याचे खूर नीट दिसत नाहीत. त्याला सपाट, कठीण जमिनीवर आणायला सांगा आणि समोर उभे राहा. खांद्याच्या टोकापासून ओळंबा सोडलाय असं समजा. ती रेघ गुडघा, त्याखालची नळी आणि खूर यांच्या मधोमध उतरायला हवी. खूर बाहेर वळलेले असतील तर चालताना पाय आतून फिरतो आणि एक खूर दुसऱ्या पायाला लागतो. नळी गुडघ्याच्या मध्यावरून न उतरता बाहेर सरकलेली असेल, तर नळीच्या आतल्या बाजूनं बोटं फिरवा. तिथल्या बारीक हाडावर ताण येऊन टणक गाठ धरलेली हाताला लागू शकते.

आता बाजूनं पाहा. गुडघा मागे झुकलेला दिसला तर शर्यतीसाठी तो घोडा घेऊ नका. धावताना गुडघ्यातली लहान हाडं पुढच्या कडेला एकमेकांवर चेपतात, त्यांचे टवके उडतात.

खुराच्या लगेच वरचा भाग तिरका असतो. पुढच्या पायात त्याचा जमिनीशी कोन साधारण ४५ ते ५० अंश असावा आणि त्याचा उतार खुराच्या उताराशी एका रेषेत यावा. हा भाग फार उभा असेल तर प्रत्येक दणका थेट खुरातल्या सांध्यांना बसतो. फार लांब आणि आडवा असेल तर स्वाराला चाल मऊ लागते, पण शीर ताणली जाते. माथेरानला मोटारींना बंदी आहे, माणसं घोड्यावरून फिरतात. तिथल्या डोंगरउतारावर पुढच्या पायांवर आणखी भार येतो. अशा कामाला उभ्या ठेवणीचा घोडा फार काळ टिकत नाही.

मागचा पाय मोठ्या सांध्यात विळ्यासारखा वाकून पोटाखाली आला असेल, तर सांध्याच्या पाठीमागच्या बंधावर कायम ताण राहतो. वरातीत नाचणाऱ्या घोड्याला मागच्या दोन पायांवर उभं करतात, म्हणजे सारं वजन त्याच सांध्यांवर. अशा घोड्याला नाच शिकवू नका.

शेवटी पाय उचलून नाल पाहा. एक बाजू जास्त झिजली असेल तर भार वाकडा पडतोय, हे लोखंडच सांगतं.

शिंगराचे पाय वाकडे वाटले तर पहिल्या आठवड्यांतच डॉक्टरांना दाखवा. खुराजवळच्या सांध्याची वाढ पहिल्या काही महिन्यांत उरकते, नंतर फारसं हाती राहत नाही. मोठ्या घोड्याचे खूर एका बाजूनं कापून पाय सरळ करण्याचा हट्ट नालबंदाकडे धरू नका. हाड सरळ होत नाही, सांधा मात्र दुखावतो.

दोष असलेला प्रत्येक घोडा टाकाऊ असतो असं नाही. खूर दणकट असतील, काम हलकं असेल, पाच-सहा आठवड्यांनी नालबंदी होत असेल, तर तो वर्षानुवर्षं साथ देतो. मात्र पायाच्या ठेवणीमुळे लंगडी होऊन घरी बसलेली घोडी, 'आता काम होत नाही, तर शिंगरू तरी घेऊ' म्हणून फळवू नका. तिची ठेवण शिंगरात उतरू शकते आणि तेच दुखणं त्याच्या वाट्याला येतं. ते टाळणं मालकाच्या हातात आहे.