भाकर वाटली तेव्हा बोलणं झालं
(पाड्यावरच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



१६ ते २१ जानेवारी २००४ ला गोरेगावला जागतिक सामाजिक मंचाचा मेळावा झाला. आपल्या संघटनेतून आम्ही काही जण गेलो होतो. सभा आणि ठराव यांचं वेगळं सांगू. आज सांगायचं आहे ते जेवणाचं आणि मोकळ्या वेळेचं. कुणी म्हणेल, यात काय सांगण्यासारखं? पण आम्हाला जास्त कळलं ते तिथेच.

आधी मेळावा कसला ते ऐका. जगातले मोठे भांडवलदार आणि मंत्री दर जानेवारीत स्वित्झर्लंडमध्ये दावोसला जमतात. त्याला उत्तर म्हणून २००१ साली ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात जगभरच्या जनसंघटना जमल्या. तीन वर्षं मेळावा तिथेच झाला. २००४ साली तो पहिल्यांदा ब्राझीलबाहेर आला, आणि आला तो आपल्याच रेल्वे लाइनीवर. बोईसरहून शटलने विरार, पुढे लोकलने गोरेगाव. आपण परदेशात गेलो नाही, परदेशच इथवर आला.

मंडपात कानाला यंत्र लावून दुभाष्याचं ऐकायचं. बोलणाऱ्याला मोजून मिनिटं. एक विषय डोक्यात शिरतो तोवर दुसरा सुरू.

दुपारी आम्ही कडेला बसून फडकी सोडली. नागलीची भाकर, सुकट, लसणाची चटणी. शेजारी ब्राझीलच्या भूमिहीनांच्या संघटनेची माणसं बसलेली, डोक्यावर लाल टोप्या. त्यातल्या एका बाईने खुणेनेच भाकर मागितली. आम्ही दिली. तिने पिशवीतून कसाव्याचं भाजलेलं पीठ काढून आमच्या हातावर ठेवलं. कसावा म्हणजे जमिनीतला कंद. त्याची एक जात विषारी असते. तो किसून, पिळून, भाजून मगच खातात. हे कळल्यावर आमच्या बाया हसायलाच लागल्या. आपल्या कडूकंदाचंही तेच की! कापायचा, उकडायचा, वाहत्या पाण्यात ठेवायचा, मग खायचा. हे सांगायला दुभाष्या लागला नाही, हातांनीच बोलणं झालं.

मग एक हिंदी जाणणारा कार्यकर्ता मध्ये बसला आणि खरे प्रश्न निघाले. ही नागली कुठे पिकते? जमीन कुणाच्या नावावर? आम्ही सांगितलं, वाडवडलांपासून कसतो, पण कागदावर ते अतिक्रमण. ३ मे २००२ ला दिल्लीच्या वन आणि पर्यावरण मंत्रालयाने पत्र काढलं की सप्टेंबरअखेर जंगलातली अतिक्रमणं हटवा. तेव्हापासून उभं पीक दिसलं तरी पोटात धाकधूक असते.

त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांची संघटना १९८४ सालची. मोठ्या जमीनदारांच्या पडीक जमिनीवर कुटुंबंच्या कुटुंबं एकदम जातात, काळ्या प्लास्टिकचे तंबू ठोकतात. तिथे जेवणाचं, पोरांच्या शिक्षणाचं काम आपसात वाटून घेतात. १९८८ च्या त्यांच्या राज्यघटनेत लिहिलंय की जमीन समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे. त्याच कलमावर बोट ठेवून ते भांडतात. आपणही कायद्यातली आपली कलमं अशीच तोंडपाठ करायला पाहिजेत.

त्या मैदानात कोकाकोला, पेप्सी विकायला नव्हती. केरळमध्ये प्लाचीमडाला कोकाकोलाच्या कारखान्यापुढे आदिवासी बाया २००२ पासून धरणं धरून होत्या, कारण गावच्या विहिरींचं पाणी गेलं. मयिलम्मा ही आदिवासी बाई त्यांच्या पुढे होती. म्हणजे आपण काय खातो-पितो हीसुद्धा जमीन-पाण्याचीच गोष्ट आहे.

संध्याकाळी तारपा निघाला. परदेशी माणसं कमरेला हात घालून रांगेत शिरली. पाय चुकत होते, पण आपला नियम त्यांनी लगेच धरला: तारप्याकडे पाठ करायची नाही. पुढारी आणि साधा माणूस एकाच रांगेत. रात्री पत्ते लिहून घेतले, ते याच मोकळ्या वेळेत.

आता आपल्या घरचं. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आपली पोरं कामाला जातात. तिथे काळी भाकर आणि सुकटीचा वास यावर टोमणे बसतात, म्हणून पोरं डबा झाकून खातात. पोरांनो, ज्या भाकरीसाठी सातासमुद्रापलीकडच्या माणसाने हात पुढे केला, ती का झाकायची? आणि एक लक्षात ठेवा. भाकरीची लाज धरली की नागलीची लाज वाटते, मग वरकस सुटतो. जमीन घ्यायला मग कुणाला पोलीस आणायची गरज पडत नाही.

म्हणून दोन कामं. एक, आपल्या मेळाव्यात पाड्यापाड्याने वेगळ्या पंगती नकोत. प्रत्येकाने घरचं आणायचं, मिसळून बसायचं, आणि संध्याकाळ भाषणांनी भरायची नाही. दोन, प्लॉटच्या दंडाची जुनी पावती ज्याच्या घरी असेल त्याने ती जपून ठेवा, नक्कल संघटनेकडे द्या. पावती नसेल तर म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कुठल्या साली, कुठल्या तुकड्यात काय पेरलं, शेजारी कोण कसत होतं, ते विचारून लिहून घ्या. जेवताना विचारा, तेव्हा माणूस मोकळं बोलतो.

जोहार!