लक्षणांवांचून संसर्ग



सावनेर तालुक्यांतील खाप्यासारख्या गांवीं एखाद्या घरचें मूल तापानें फणफणूं लागलें, कीं शेजारीं म्हणतात, ‘आमचीं मुलें खेळतात-बागडतात; आमच्या घरीं कांहीं नाहीं.’ ही समजूत नेहमींच खरी नसते. रोग नसणें आणि संसर्ग नसणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

याचें उदाहरण नागपूरकडचेंच आहे. १९६५ सालीं तेथें तापाची सांथ चालू असतां पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील भट्ट व रॉड्रिग्ज यांनीं दोन रुग्णांच्या रक्तांतून एक नवा विषाणु वेगळा केला. चांदीपुरा हें त्याचें नांव. २००३ सालीं आंध्र प्रदेशांत मेंदूज्वरानें ३२९ मुलें आजारी पडलीं, त्यांपैकीं १८३ दगावलीं. त्या सांथीच्या मुळाशीं हाच विषाणु आढळला. २००७ सालीं नागपूर विभागांतही त्यानें मुलांना गांठलें. याउलट, ज्यांना मेंदूज्वर कधीं शिवलाही नाहीं अशा अनेकांच्या, विशेषतः प्रौढांच्या, रक्तांत या विषाणूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें सांपडलीं आहेत.

हा भेद कां पडतो? विषाणु शिरतांच शरीर प्रतिकारास लागतें. तो वेळेवर झाला, तर विषाणु नाजूक स्थानीं पोंचण्यापूर्वींच थोपविला जातो. झुंज होते, पण घरच्यांना तिचा पत्ताही लागत नाहीं. वय आणि पूर्वीची प्रतिकारशक्ति यांवर पुष्कळ अवलंबून असतें.

मग लक्षणें नसलेला मनुष्य निरुपद्रवी मानावा काय? तें रोगाच्या प्रसाराच्या रीतीवर ठरतें. पोलिओचा संसर्ग झालेल्या सुमारें दोनशें जणांत एखाद्यालाच पांगळेपण येतें. परंतु इतरांच्या विष्ठेंतूनही विषाणु पसरतो. म्हणूनच आजारी मुलें तेवढीं न शोधतां घरोघरच्या प्रत्येक बालकाला डोस पाजले गेले, आणि २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला. चांदीपुरा मात्र मुख्यतः वाळूमाशीच्या दंशानें पसरतो. तेथें शेजारच्या मुलाला भिण्याचें कारण नाहीं; भ्यावें तें भिंतींच्या भेगांना आणि ओलसर गोठ्यांना.

या रोगावर अद्याप लस नाहीं, खास औषधही नाहीं. तापाबरोबर ओकारी, आंचके वा गुंगी दिसतांच मुलाला विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. कित्येकदां हाताशीं कांहीं तासच असतात. आणि शेजारीं असा ताप आला, तर आपलें मूल हंसतें-खेळतें आहे एवढ्यावर समाधान मानूं नये. ज्या भेगेंत ती माशी लपली, तशी भेग आपल्याही भिंतींत असते; ती आजच लिंपावी.