दोघांनी पाहायचा चित्रपट

शनिवारची रात्र आहे. जेवणे झाली, मुले झोपली, ओट्यावरची झाकपाक आटोपली. नवरा टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसला आहे. बायको हात पुसत येते आणि विचारते, "काय लावताय?" तो म्हणतो, "तू सांग." ती म्हणते, "तुम्हीच ठरवा." मग चित्रपटांची नावे पडद्यावर वरून खाली आणि खालून वर सरकू लागतात. हा नको, तो पाहिलेला आहे, त्यात मारामारी फार, हा संपायला एक वाजेल. अर्धा-पाऊण तास असा जातो. शेवटी काहीतरी एक लागते, आणि पहिले गाणे सुरू होण्याच्या आत दोघांपैकी एकाच्या डोळ्यांवर झापड येते.

आपण म्हणाल, "प्रोफेसरसाहेब, हा काय रेडिओवरून बोलायचा विषय झाला?" मलाही पूर्वी तसेच वाटत असे. पण संसाराला वीस-एक वर्षे झाल्यावर माझे मत बदलले आहे. नवराबायकोचे दिवसभरातले बोलणे म्हणजे गॅसचा सिलिंडर, मुलांच्या फिया, कुणाचे तरी दुखणे आणि उद्याचा डबा. दोघांनी शेजारी बसून एकाच गोष्टीकडे दोन-अडीच तास पाहावे, असा योग आठवड्यातून एखादाच. तो सत्कारणी कसा लावावा, याचा थोडा विचार करायला काय हरकत आहे?

आमच्या लहानपणी निवडीचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्या गावापर्यंत टीव्ही पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडले. रविवारी संध्याकाळी जो हिंदी चित्रपट दाखवतील तो पाहायचा. गल्लीत टीव्ही एक आणि प्रेक्षक चाळीस. पडद्यावर नायक-नायिका जरा जवळ आली की आजोबा खाकरत, आणि काकूंना चुलीवरच्या दुधाची आठवण होई. आमचे आईवडील त्या खोलीच्या दोन टोकांना बसलेले असत. आपल्या दोघांसाठी म्हणून एखादा चित्रपट निवडावा, ही चैन त्यांच्या वाट्याला आलीच नाही.

या अडचणीवरच एक सुरेख मराठी चित्रपट आहे, राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई'. तो १९७० सालचा. माणसांनी भरलेले मुंबईतले लहानसे घर, आणि त्यात नव्या जोडप्याला चार शब्द बोलायलाही आडोसा नाही! पुढे १९७२ साली बासू चॅटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' काढला. आज दोन खोल्यांत चौघांनी राहणाऱ्या जोडप्याने हा चित्रपट जरूर पाहावा. हसू येईल, आणि आपल्या घरातली भिंत किती मोलाची आहे तेही कळेल.

माझे पहिले सांगणे या उदाहरणातच आले आहे. प्रेमाचा चित्रपट म्हटला की आपण मुलगा-मुलगी भेटली, घरच्यांनी विरोध केला, शेवटी लग्न लागले, अशा कथेकडे वळतो. ती वाईट आहे असे नाही. पण तिचा पडदा जिथे पडतो तिथे आपले घर सुरू होते. म्हणून लग्न झालेल्यांनी मधूनमधून मांडवाच्या पलीकडची कथा निवडावी. बासू भट्टाचार्यांचा 'अनुभव', १९७१ सालचा, संजीवकुमार आणि तनुजा यांचा. नवरा वर्तमानपत्राचा संपादक, कामात गळ्यापर्यंत बुडालेला. बायकोच्या ध्यानात येते की घरात नोकरचाकर पुष्कळ आहेत, फक्त आपण दोघे नाही. ती एका जुन्या नोकराखेरीज बाकी सगळ्यांना निरोप देते आणि घर स्वतःच्या हाती घेते. एवढीशी गोष्ट, पण लग्नाला काही वर्षे झालेल्या माणसाला ती बरोबर ठिकाणी जाऊन लागते.

दुसरे सांगणे वेळेचे आणि मनःस्थितीचे. दहा वाजता बसून तीन तासांचा चित्रपट लावू नये. त्याचे दोन भाग करावेत, त्यात काही पाप नाही. दिवस कष्टाचा गेला असेल तर हलके काहीतरी पाहावे. २०१० सालचा 'मुंबई-पुणे-मुंबई' घ्या. बहुतेक सारा चित्रपट म्हणजे पुण्यात योगायोगाने भेटलेल्या एका मुलाचे आणि मुलीचे बोलणे. अशा वेळी आपलेही बोलणे सुरू होते. उलट २०१६ सालचा 'सैराट' ही प्रेमकथा खरीच आणि मोठीही; पण तिचा शेवट मन सुन्न करून सोडतो. ती पाहावी, मात्र लग्नाच्या वाढदिवसाच्या रात्री नको.

तिसरे सांगणे जरा नाजूक आहे. चित्रपटाची छडी करू नये. पत्नीला जास्त पगाराची नोकरी मिळाली आणि नवऱ्याचे तोंड उतरले, म्हणून मुद्दाम 'अभिमान' लावायचा, आणि अमिताभचा चेहरा पडला की शेजारी बसलेल्याकडे सूचकपणे बघायचे, असे करू नका बरं का. १९७३ सालचा तो चित्रपट उत्तम आहे, पण दुखऱ्या जागेवर तो दुसऱ्याने आणून ठेवायचा नसतो. ज्याचे दुखते आहे त्याने स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी.

आणि आता मुख्य मुद्दा, कोणी ठरवायचे? इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे.

आमच्या घरी वर्षानुवर्षे मी ठरवीत आलो. मी एम्.ए. झालेला, चित्रपटांवरचे चार लेख वाचलेला. पत्नी "तुम्हीच ठरवा" म्हणे, आणि तिची आणि माझी आवड एकच आहे, असे मी खुशाल समजून चाललो होतो. एके रात्री मी मोठ्या हौसेने 'रजनीगंधा' लावला. मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या कथेवरचा १९७४ सालचा हा चित्रपट. नायिकेपुढे दोन पुरुष आहेत. एक जुना, रुबाबदार आणि वेळेवर हजर होणारा; दुसरा अमोल पालेकरांचा संजय, बडबड्या, नेहमी उशिरा येणारा, पण फुले घेऊन येणारा. माझा फार आवडता चित्रपट. मध्यंतरापूर्वीच पत्नी झोपी गेली. सकाळी मी जरा फुगूनच विचारले, "एवढा चांगला चित्रपट, आणि झोपलीस?" ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "उशिरा येणाऱ्या माणसाचं तुम्हाला कौतुक वाटतं. वाट बघणारी मी आहे. आणि खरं सांगू? मला काय बघायचंय ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत. 'हा लावू ना?' एवढंच विचारता."

पुढच्या शनिवारी रिमोट तिच्या हाती दिला. पाच मिनिटे ती गप्प बसली; सवयच नव्हती! मग म्हणाली, "अनुराधा."

हृषिकेश मुखर्जींचा हा १९६० सालचा चित्रपट; त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. संगीत पंडित रविशंकर यांचे. नायिका अनुराधा रेडिओवरची नावाजलेली गायिका आहे. ध्येयवादी डॉक्टरवर तिचा जीव जडतो, त्याच्याबरोबर ती खेड्यात येते, आणि रुग्णांच्या रगाड्यात तिचे गाणे केव्हा बंद पडते ते त्या भल्या माणसाला कळतही नाही. लीला नायडू आणि बलराज साहनी यांची कामे आहेत. ती घर सोडून जायला निघते; पण एक ज्येष्ठ डॉक्टर पाहुणे म्हणून येतात, तिचे गाणे ऐकतात आणि तिच्या त्यागाची थोरवी बोलून दाखवतात. मग नवऱ्याचे डोळे उघडतात, आणि ती राहते.

कॉलेजात असताना मी हा चित्रपट पाहिला होता. तेव्हा शेवटी माझे डोळे पाणावले होते. त्या रात्री मी म्हटले, "किती उदात्त शेवट!" पत्नी म्हणाली, "मला नाही पटला. नवऱ्याला जे इतकी वर्षं दिसलं नाही, ते बाहेरच्या माणसाने येऊन सांगावं लागलं. आणि तो पाहुणा आलाच नसता तर?"

मी वाद घालू लागलो आणि मध्येच थांबलो. माझी या गावी नेमणूक झाली तेव्हा ती शाळेतली नोकरी सोडून आली होती. सातवीच्या वर्गाला गणित शिकवीत असे. त्या नोकरीबद्दल मी इतक्या वर्षांत तिला एक अक्षर विचारले नव्हते. आमच्या घरी असा पाहुणा कधी आला नाही. त्या रात्री मी प्रथमच विचारले. दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. ते बोलणे सगळे गोड होते असे नाही, पण इतक्या वर्षांचे साचलेले होते. जूनपासून ती गल्लीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आहे. संध्याकाळचा चहा मी करतो.

तेव्हा श्रोतेहो, आमच्या घरी आता एक रीत पडली आहे, ती आपल्याला सांगून ठेवतो. एका शनिवारी तिने तीन नावे काढायची आणि मी त्यातले एक निवडायचे. पुढच्या शनिवारी उलट. नावे दुपारीच ठरवायची, म्हणजे रात्री शोधाशोध नको. मोबाईल दुसऱ्या खोलीत. अर्धा तास पाहून एखाद्याला आवडला नाही, तर न रुसता बंद. आणि संपल्यावर दिवा लावण्यापूर्वी एकमेकांना एवढे विचारायचे, "तुला शेवट पटला?"

पटला नसेल तर फारच उत्तम. चहाचे आधण ठेवा आणि बोला.